आभारप्रदर्शन

मसुदा मी लिहायचा असं ठरलं, कारण माझं मराठी शुद्ध
आणि मी बसलेलीच असते.
टेकचंदकाका हे गमतीनं म्हणाले. मीही हसले.

वाशीच्या प्रदर्शन केंद्रात तीन दिवस
एकेचाळीस देश येऊन गेले,
चाकांवर, कुबड्यांवर,
कुणी बोटांनी बोलत, कुणी बोटांनी वाचत.
या शहरात पहिल्यांदाच
दाराशी पोचून मी कुणाला हाक मारली नाही.
लाकडी उतार होता, वर हिरवं जाजम,
आणि माझी खुर्ची वर गेली
भरतीचं पाणी नाल्यात शिरतं तशी, कुणाला न विचारता.

आता सानपाड्याच्या कार्यालयात
बावीस संस्था, अकरा खुर्च्या, एक पंखा.
'मायबाप शासनाचे' यातलं मायबाप केणीबाईंनी काढलं.
'अत्यंत' राहू द्या, मॅथ्यू सर म्हणाले,
अनुदानाची फाईल अजून टेबलावर आहे.
कुणीतरी म्हणालं, शेवटी ते नेहमीचं टाका,
आभार न मानता आपल्या ऋणातच राहू इच्छितो.
राहतोच आहोत की, केणीबाई म्हणाल्या, त्यात इच्छा कसली.
नंदेश्वर मान तिरकी करून ऐकत होता, त्याला दिसत नाही,
म्हणाला, ताई, वाक्य फार लांब झालंय,
मध्ये धरायला कठडा नाही.

खुर्शीदाचे आभार तर कधीच मानून झाले होते.
समारोपाला ती उठली,
हनुवटीला बोटं लावली, हात पुढे नेला. संपलं.
व्यासपीठावरच्या साहेबांना वाटलं, तहान लागली असेल.
शिपाई पाण्याची बाटली घेऊन आला.
ती प्यायली बिचारी.

मी तळाशी एक ओळ लिहिली होती:
तो उतार तेवढा तिथेच राहू द्यावा.
खोडली गेली, बहुमतानं.
आहेराच्या पाकिटात उधारीची चिठ्ठी घालतात का कुणी?

आणि उतार सरकारचा तरी कुठे होता.
तुर्भ्याच्या मंडपवाल्याचा, दिवसाला चौदाशे, जाजम वेगळं.
हे मला चौथ्या दिवशी कळलं,
वर राहिलेली औषधांची पिशवी आणायला गेले तेव्हा.
जाजमाची वळकटी भिंतीला उभी,
दोन पोरं पहारीनं फळ्या उचकटत होती,
आणि खालून निघाल्या सात पायऱ्या,
तीन दिवसांची झोप झालेल्या, टवटवीत.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं.
काही बोलला नाही, तोंडात खिळे होते त्याच्या.
सुटलेल्या दोन फळ्या त्यानं पुन्हा टाकल्या
माझ्या चाकांच्या अंतरानं, नजरेनंच मापून,
आणि वरच्या टोकांवर पाय फाकून उभा राहिला
स्वतःचा भार देऊन.
मोठ्यानं मागून लोटलं.
मी त्याच्या पायांमधून काही जाऊ शकत नव्हते,
म्हणून शेवटच्या क्षणी त्यानं बाजूला उडी मारली
आणि आम्ही तिघं पडता पडता वाचलो.

पिशवी घेतली. तसेच उतरलो.
थँक्यू म्हटलं मी.
त्यानं खिळ्यांसकट मान हलवली
आणि फळी टेंपोत टाकली.

सोमवारी पत्र घेऊन बेलापूरला गेले.
आवक विभाग पहिल्या मजल्यावर, लिफ्टला कागद चिकटवलेला.
पत्र पहारेकऱ्याच्या हातून वर गेलं,
बावीस सह्या, एक अंगठा, तीन वेळा 'अत्यंत'.
मी जिन्याखाली थांबले, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी.
अर्ध्या तासानं पोच आली,
जांभळा शिक्का, आवक क्रमांक, तारीख.

झेरॉक्सवाला म्हणाला, काय तक्रार होती?
नाही हो, म्हटलं, आभार.
त्यानं चष्मा वर करून पाहिलं.
मग एक प्रत फुकट काढून दिली.